शेळी माजावर येईना? आधी बोकडाकडं बघा : एका शोधाची गोष्ट



उन्हाळा लागला की आठवडी बाजारात एक चित्र दरवर्षी ठरलेलं. चांगल्या कासेच्या, दोन-तीन वेतं झालेल्या शेळ्या खाटकाच्या टेम्पोत चढतात. मालकाला विचारलं तर म्हणतो, "माजावरच येत नाही. भाकड किती दिवस सांभाळायची?" शेळीच्या अंगावर मांस आहे, डोळे स्वच्छ आहेत, दात शाबूत आहेत. दोष मात्र तिचाच. गोठ्यातला बोकड कसा होता, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. ज्या देशांत शेळीच्या दुधावर घरं चालतात, तिथंही बरीच वर्षं असंच चाललं. बोकडाच्या नुसत्या येण्यानं शेळी माजावर येते, हे शास्त्रज्ञांना १९४४ पासून हळूहळू कळत गेलं. पण ही युक्ती कधी चालते आणि कधी फसते, त्याचं खरं कारण पक्कं व्हायला २००० साल उजाडलं. कारण निघालं ते बोकडात. आज तीच गोष्ट सांगतो. माझं शिक्षण दहावी. इंग्रजी कागद पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेल्या पुतण्याकडून समजून घेतो आणि आपल्या भाषेत मांडतो.

बिनहंगाम म्हणजे काय

आधी मुळातला मुद्दा. थंड देशांतली शेळी वर्षभर माजावर येत नाही. तिथं उन्हाळ्यात दिवस खूप मोठा आणि हिवाळ्यात खूप लहान असतो. अंधार पडला की मेंदूतल्या एका ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचा स्राव सुटतो. रात्र मोठी होत गेली की तो जास्त वेळ सुटतो आणि त्यावरून शेळीच्या शरीराला कळतं की हिवाळा जवळ आला. मग ती माजावर येते. शेळी गाभण राहते साधारण १५० दिवस, म्हणजे पाच महिने. हिवाळ्याच्या तोंडाला फळलेली शेळी वसंतात विते, तेव्हा हिरवा पाला असतो. निसर्गाचा हिशोब करडाच्या सोयीचा आहे.

पण दूधवाल्याच्या दृष्टीनं हा हिशोब अडचणीचा. सगळ्या शेळ्या एकाच वेळी वितात, दूध एकदम येतं, भाव पडतो. आणि सगळ्या एकाच वेळी आटल्या की डेअरीला दूध नाही, घरात पैसा नाही. म्हणून काही शेळ्या तरी हंगाम सोडून गाभण राहाव्यात, यासाठी धडपड सुरू झाली.

रोमचा म्हातारा शेतकरी

नराला वेगळं ठेवायची रीत फार जुनी आहे. रोममध्ये वॅरो नावाचा विद्वान होऊन गेला. त्यानं ऐंशीच्या घरात असताना, इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो मेंढ्यांबद्दल सांगतो की लावणीच्या दोन महिने आधी नर कळपातून बाजूला काढावेत, त्यांना जास्त चारा द्यावा आणि चरून परत आल्यावर जव खाऊ घालावेत.

त्याचं कारण असं की नराला पुढच्या कामाची ताकद यावी. नर वेगळा ठेवून परत आणला की माद्यांवर काय परिणाम होतो, हे त्याच्या डोक्यात नव्हतं. पण दोन गोष्टी त्यानं एकत्र सांगून ठेवल्या : नर वेगळा करा आणि त्याला खाऊ घाला. पुढं दोन हजार वर्षांनी शास्त्रज्ञांनी पहिली गोष्ट उचलली. नर तयारीत हवा, हा दुसरीतला मुद्दा मात्र मागं पडला.

ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या, १९४४

पश्चिम ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांचे मोठमोठे कळप. तिथं एरिक अंडरवूड आणि त्यांचे दोन सहकारी शीअर आणि डेव्हनपोर्ट यांनी मेंढ्यांच्या हंगामाचा अभ्यास केला. त्यांनी १९४४ मध्ये छापलेली नोंद आज या विषयातली पहिली शास्त्रीय नोंद मानतात. हेच अंडरवूड जनावरांच्या खाण्यातल्या कोबाल्टच्या कमतरतेवरच्या कामामुळंही ओळखले जातात.

त्यांच्या ध्यानात आलं ते असं. मेंढ्या शांत असण्याच्या काळात नर कळपात सोडला की त्या सोयीप्रमाणं एकेक करून माजावर येत नाहीत. काही दिवस काहीच दिसत नाही, आणि मग पुष्कळ मेंढ्या एकदम लागतात. म्हणजे माज नुसता योगायोगानं आलेला नव्हता. नर आल्यामुळं आत कुठंतरी घड्याळ सुरू झालं होतं.

टेक्सासच्या शेळ्या, १९६०

शेळीत हे पहिल्यांदा नीट दाखवलं अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये. तिथं मोहेर लोकरीसाठी अंगोरा शेळ्या पाळतात. मॉरिस शेल्टन यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं की बोकड आणल्यानं अंगोरा शेळ्यांचा माज आणि बीजांड सुटणं लवकर सुरू होतं. इंग्रजीत याला 'मेल इफेक्ट' म्हणतात. आपण 'बोकडाचा परिणाम' म्हणू.

इथून पुढं जगभर प्रयोग झाले आणि एक नियम घट्ट बसला : शेळ्यांना तीन-चार आठवडे बोकडापासून पूर्ण तोडा. तो दिसू नये, त्याचा वास येऊ नये, आवाज ऐकू येऊ नये. मग एकदम आणा. बऱ्याच ठिकाणी हे चाललं. पण काही ठिकाणी सगळं नियमानं करूनही शेळ्या ढिम्म. मग अहवालात लिहायचं, शेळ्या 'खोल विश्रांतीत' होत्या. म्हणजे पुन्हा दोष शेळीचाच.

आत काय घडतं

१९७० आणि ८० च्या दशकात रक्त तपासून आतलं घड्याळ उलगडलं. यात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाचं आणि फ्रेंच शास्त्रज्ञांचं काम मोठं. बोकड समोर आल्यावर काही मिनिटांतच शेळीच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून एलएच नावाचं संप्रेरक जोरात ठोके देऊ लागतं. दिवसात नव्हे, तासात नव्हे, मिनिटांत. ते ठोके टिकले तर दोन-तीन दिवसांत बीजांड सुटतं.

आता गोठ्यात कामाला येणारी गोष्ट नीट वाचा. पहिल्यांदा सुटलेल्या बीजांडानंतर अंडाशयात जी गाठ तयार होते, ती बऱ्याच शेळ्यांत कच्ची असते. पाच-सात दिवसांत ती विरते आणि शेळी पुन्हा माजावर येते. हा दुसरा माज खरा, गाभ धरणारा. शेळीचं नेहमीचं चक्र २१ दिवसांचं, पण इथं आठवड्यातच ती उलटते. माहीत नसलेला माणूस म्हणतो, "बोकड लागला पण गाभ राहिला नाही, बोकड कुचकामी आहे," आणि आठव्या दिवशी बोकड परत पाठवतो. नेमका कामाचा दिवस तोच असतो. म्हणून बोकड निदान पंधरा दिवस तरी ठेवायचा.

मेंढीत थोडं वेगळं आहे. तिच्यात पहिलं बीजांड मुकं सुटतं, माज दिसत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियात मेंढ्या अडीच-तीन आठवड्यांनी एकदम लागताना दिसतात.

फिलिप शेमिनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर क्रेओल शेळ्यांवर काम केलं. १९८३ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रयोगात वर्षातल्या तीन वेगवेगळ्या काळांत बोकड आणून परिणाम मोजला होता. हे बेट आहे १६ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आपल्या सावंतवाडी-कोल्हापूरच्या पट्ट्यात. तिथल्या शेळ्या आपल्यासारख्याच जवळजवळ वर्षभर माजावर येतात. तरीही कळपात कुठल्याही वेळी काही शेळ्या थंड असतात, आणि त्या थंड शेळ्यांना बोकडाचं येणं जागं करतं. आपल्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा, खाली परत घेतो.

स्पंजची वर्षं

याच काळात दुसरा रस्ता निघाला. ऑस्ट्रेलियात रॉबिन्सन यांनी १९६० च्या दशकात औषध लावलेला स्पंज आणला. तो मादीच्या योनीत काही दिवस ठेवायचा, काढताना गाभण घोडीच्या रक्तापासून केलेलं इंजेक्शन द्यायचं, की माज हमखास. फ्रान्समधल्या दूधवाल्यांनी हा रस्ता मोठ्या प्रमाणावर धरला, कारण कृत्रिम रेतनाला सगळ्या शेळ्या एका दिवशी तयार मिळतात.

पद्धत वाईट नाही. पण दोन अडचणी आल्या. एक, तेच इंजेक्शन वर्षामागून वर्ष दिलं की काही शेळ्यांचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं आणि मग गाभ कमी राहतो. दुसरी, सेंद्रिय दूध विकणाऱ्यांना तिकडं संप्रेरकं वापरता येत नाहीत. म्हणून बोकडाचा परिणाम पुन्हा टेबलावर आला. आणि गरीब शेळीवाल्याला तर स्पंज आणि इंजेक्शन परवडणारच नव्हतं.

लागुनाचे शेळीवाले

आता खऱ्या गोष्टीकडं येतो. मेक्सिकोच्या उत्तरेला तोर्रेऑन शहराभोवती लागुना नावाचा कोरडा मुलूख आहे. अक्षांश साधारण २६, म्हणजे आपल्या जोधपूरच्या रेषेत. तिथले शेळीवाले दिवसा काटेरी रानात आणि पिकं निघालेल्या शेतांत शेळ्या चारतात, रात्री वाड्यात कोंडतात. आपल्याकडचाच कारभार. दूध विकायचं, त्यावर घर. मेक्सिकोत शेळीच्या दुधाची काहेता करतात, बासुंदीपेक्षा बरीच घट्ट आणि खरपूस रंगाची.

तिथं बोकड वर्षभर कळपातच असतो. तरीही शेळ्या मार्च ते ऑगस्ट थंड असतात. हिवाळ्यात दूध कमी पडतं. हिवाळ्यात दूध हवं तर शेळी ऑगस्ट-सप्टेंबरात व्यायला हवी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये फळायला हवी. नेमकी तेव्हाच ती थंड.

तोर्रेऑनच्या आन्तोनिओ नार्रो कृषी विद्यापीठात होसे आल्बेर्तो देल्गादीयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा प्रश्न विचारला. शेळीकडं बघणं सोडून त्यांनी बोकडाकडं बघितलं. वर्षभर नोंदी केल्या तेव्हा दिसलं की तिथले बोकड मे ते डिसेंबर जोरात असतात आणि जानेवारी ते एप्रिल स्वतःच विश्रांतीत जातात. वास कमी, आवाज कमी, शेळीच्या मागं जाणं कमी. म्हणजे मार्चमध्ये तुम्ही शेळीपुढं जो बोकड आणता, तो स्वतःच झोपलेला असतो. तो शेळीला काय जागं करणार?

मग त्यांनी बोकडालाच जागं करायचं ठरवलं. १ नोव्हेंबरपासून अडीच महिने बोकडांच्या वाड्यात दिवे लावले. सूर्याचा उजेड आणि दिवे मिळून रोज १६ तास उजेड, ८ तास अंधार. जानेवारीच्या मध्याला दिवे बंद. बोकडाच्या शरीराला वाटलं, मोठ्या दिवसांचा उन्हाळा संपला, आता दिवस लहान झाले, हंगाम आला. मार्च-एप्रिलमध्ये हे बोकड ऐन हंगामासारखे उग्र वासाचे, आरडाओरडा करणारे, शेळीमागं धावणारे झाले.

एका बाजूला दिव्याखालचे बोकड, दुसऱ्या बाजूला नुसत्या नैसर्गिक उजेडातले. शेळ्या त्याच गावच्या, तोच महिना. दिव्याखालच्या बोकडांसोबतच्या बहुतेक सगळ्या शेळ्या माजावर आल्या. साध्या बोकडांसोबतच्या फार थोड्या. २००० मध्ये हा निकाल छापून आला आणि त्याचं म्हणणं सरळ होतं : अडसर शेळीत नाही, बोकडाच्या अवस्थेत आहे.

सुरुवातीच्या प्रयोगात दिव्यांनंतर बोकडाच्या कातडीखाली मेलाटोनिनही ठेवलं होतं. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याचीही गरज नाही, नुसते दिवे पुरतात. तेही दुभत्या शेळ्यांवर. खर्च काय, तर बोकडांच्या वाड्यापुरती वीज.

पुढं याच गटानं जुने नियम एकेक करून तपासले. बोकड खरोखर जोरात असेल तर आधी महिनाभर शेळ्यांना तोडून ठेवण्याची सक्ती उरत नाही, नवा बोकड आला तरी पुरतं. दिवसरात्र सोबत ठेवायचीही गरज नाही, रोज चार तास, पंधरा दिवस पुरले. आणि एक प्रयोग तर आपल्या जुन्या माणसांना लगेच पटेल असा : बोकडाला गुंगीचं औषध देऊन शेळ्यांजवळ ठेवलं. वास होता, म्हणून सुरुवातीला एलएचचे ठोके वाढले. पण ते टिकले नाहीत. जागा, फुरफुरणारा, जीभ काढून मागं लागणारा बोकड असेल तरच ते टिकतात.

वासाचा पत्ता

वासाचंही कोडं सुटलं, जपानमध्ये. टोकियोच्या शास्त्रज्ञांनी बोकडाच्या डोक्यावर खास टोपी बसवून कातडीतून निघणारी वाफ गोळा केली. खच्ची बोकडाच्या वाफेशी तुलना केली. २०१४ मध्ये त्यांनी एक रसायन दाखवलं, ४-इथाइलऑक्टॅनाल. ते शेळीच्या मेंदूतलं जननाचं केंद्र चालू करतं. गंमत अशी की याचा स्वतःचा वास लिंबू-संत्र्याच्या जातीचा. हवेत त्याचं आम्ल होतं, तेव्हा तो आपल्या ओळखीचा बोकडाचा दर्प येतो. आणि खच्ची केलेल्या बोकडात हे रसायन नसतं, म्हणून खच्ची बोकड या कामाला चालत नाही.

आपल्याकडं याचा उपयोग काय

आपली उस्मानाबादी किंवा संगमनेरी लागुनाची शेळी नव्हे. पुण्याच्या पट्ट्यात सर्वांत लहान दिवस ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. एवढ्या फरकानं आपली शेळी सहा महिने झोपत नाही. त्यामुळं उद्याच गोठ्यात दिवे लावा, असं मी सांगणार नाही. सानेनसारख्या थंड देशातल्या रक्ताच्या शेळ्या पाळणाऱ्यांनी उजेडाचा विचार पशुवैद्यकांशी बोलून करावा.

आपल्याला घ्यायची आहे ती गोष्टीतली मुख्य शिकवण. आपला बोकड उजेडामुळं नाही, आपल्या कारभारामुळं मंद असतो. बकरी ईद आणि आखाड आला की कळपातला सर्वांत भरलेला, तगडा नर आधी विकला जातो, कारण भाव त्यालाच. मागं उरतो तो बारका. त्याला खुराक नाही, कारण तो दूध देत नाही. वर्षभर त्याच शेळ्यांत, तेव्हा शेळ्यांना त्याचं नावीन्य नाही. आणि दोन-तीन वर्षं तोच राहिला तर तो स्वतःच्या लेकींवर जातो, ते नुकसान वेगळंच.

म्हणून आमच्या गोठ्यात जे करतो ते लिहितो.

१. शेळ्या कधी व्यायला हव्यात ते आधी ठरवतो आणि १५० दिवस मागं मोजतो. जूनच्या मध्याला बोकड लावला तर करडं नोव्हेंबरच्या मध्याला. पाऊस संपलेला, खरिपाचा चारा घरात. फेब्रुवारी-मार्चला लावला तर करडं ऐन पावसात, आणि ओल्या गोठ्यात करडं दगावतात.

२. त्याच्या दीड-दोन महिने आधी बोकड वेगळा बांधतो. मका, थोडी पेंड, हिरवा पाला, खनिज मिश्रण. खुरं साळून घेतो. लंगडा बोकड चढत नाही.

३. शक्य असेल तेव्हा पाहुण्यांच्या गावचा बोकड आणतो आणि आपला तिकडं देतो. पण आणण्याआधी पीपीआरची लस झाली आहे का बघायचं आणि संसर्गजन्य गर्भपाताची रक्ततपासणी करून घ्यायची. एका बोकडापायी कळप बुडायला नको.

४. एका बोकडामागं दहाच्या आसपास शेळ्या. सगळ्या एकदम उठणार असतात, तेव्हा नेहमीपेक्षा नर जास्त लागतो.

५. बोकड सोडल्याची तारीख भिंतीवर खडूनं लिहितो. कोणती शेळी कधी लागली आणि आठवड्यात उलटली का, तेही. उलटली तर घाबरत नाही, बोकड तसाच ठेवतो.

याला मर्यादा आहेत. हाडं दिसणारी शेळी, जंतानं पोखरलेली शेळी, नुकती व्यालेली शेळी यांना जगातला कोणताही बोकड गाभण करणार नाही. उन्हाळ्यात शेळ्यांना निदान पंधरा दिवस मूठ-दोन मूठ धान्य आणि पोटभर पाणी मिळायला हवं. आणि पंधरा-वीस दिवस चांगला बोकड ठेवूनही एखादी शेळी हललीच नाही, तर तिला डॉक्टरांकडून तपासून घ्या. तेव्हा दोष तिच्यात असू शकतो.

पण हा क्रम पाळा. आधी बोकडाचा वास, आवाज, चाल आणि खुराक तपासा. मग शेळीची तपासणी. आणि हे दोन्ही झाल्यावरच बाजार. तीन वेतं दिलेली, जुळी देणारी शेळी तयार व्हायला चार वर्षं लागतात.